लॅबिरिंथ कॅन्यनमध्ये चार दिवस: कयाकने करायच्या पहिल्या नदीप्रवासाची आखणी

ग्रीन नदी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात विंड रिव्हर पर्वतरांगेत उगम पावते आणि सुमारे १,१७५ किलोमीटर वाहत येऊन युटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात कोलोरॅडो नदीला मिळते. या संगमाच्या अलीकडे ती लाल वालुकाश्माच्या उभ्या कड्यांमधून वळणे घेत जाते. अमेरिकन संशोधक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८६९ सालच्या मोहिमेत या भागाला ‘लॅबिरिंथ कॅन्यन’, म्हणजे भुलभुलैयाची दरी, असे नाव दिले. नदीवर सलग काही दिवस राहण्याचा अनुभव पहिल्यांदाच घेणाऱ्यांना मी हाच टप्पा सुचवतो, कारण या संपूर्ण अंतरात खडकांवरून फेसाळत उतरणारे पाणी, ज्याला रॅपिड म्हणतात, ते कुठेही लागत नाही. सॉल्ट लेक सिटीपासून गाडीने साधारण तीन तासांत आणि डेन्व्हरपासून साडेपाच-सहा तासांत इथे पोहोचता येते, त्यामुळे अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे गेलेल्या मराठी मंडळींना तो आवाक्यातलाही आहे.

नदी सोपी असली तरी प्रवास सोपा आहे असे मात्र समजू नये. प्रवास सुरू केल्यानंतर शेवटच्या धक्क्यापर्यंत दुकान नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही आणि मोबाइलला रेंज नाही. इथे कस लागतो तो वल्हवण्याचा नव्हे, तर घरी बसून केलेल्या आखणीचा. आमच्या पहिल्या प्रवासाच्या वेळी आम्ही होडीपासून विचार सुरू केला, मग सामान, मग दिवस आणि सर्वांत शेवटी परतीची गाडी असे पुढे जात राहिलो, आणि प्रत्येक पायरीवर आधीचा निर्णय मोडावा लागला. तेव्हापासून मी आखणी शेवटाकडून सुरू करतो, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पायरी १: नदीतून बाहेर कुठे पडायचे ते आधी ठरवा

या नदीवरचे मैल कोलोरॅडोच्या संगमापासून वरच्या दिशेने मोजतात. संगम म्हणजे शून्य मैल, मिनरल बॉटम हा बाहेर पडण्याचा धक्का साधारण ५२ व्या मैलावर, रुबी रँच हे काठावरचे शेत ९७ व्या मैलावर आणि ग्रीन रिव्हर गावातले स्टेट पार्क १२० व्या मैलावर आहे. प्रवाहाबरोबर जाताना आकडे उतरत जातात, हे एकदा डोक्यात बसले की नकाशा वाचताना गोंधळ होत नाही. डाव्या-उजव्या काठाचा उल्लेख नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून केलेला असतो. मिनरल बॉटम डाव्या काठावर आहे.

मिनरल बॉटम चुकले तर काय होईल, हा प्रश्न घरी बसून अतिशयोक्त वाटतो, पण आखणीची सुरुवात त्याच्यापासूनच करावी. त्याच्या खाली थोड्याच अंतरावर राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते आणि तिथून पुढे उद्यानाचा स्वतंत्र परवाना आवश्यक असतो. पुढच्या पन्नास मैलांत साध्या गाडीने नदीकाठी येता येईल असा रस्ता नाही, आणि संगमाच्या खाली चार-पाच मैलांवर कॅटरॅक्ट कॅन्यनचे रॅपिड सुरू होतात, जे मुरलेल्या लोकांनाही जड जातात. तिकडे जाणारे लोक त्या रॅपिडच्या आधी स्पॅनिश बॉटम येथे थांबतात आणि आधीच ठरवून ठेवलेल्या जेट बोटीने कोलोरॅडो नदीतून वर मोअब या गावाला परततात. हा पुढचा टप्पा सुंदर आहे, परंतु पहिल्या प्रवासाला तो जोडू नये.

मिनरल बॉटमपर्यंत गाडी पोहोचणे हीसुद्धा गृहीत धरण्याची बाब नाही. हायवे ३१३ सोडल्यावर सुमारे वीस किलोमीटरचा कच्चा रस्ता पठारावरून कड्याच्या टोकाशी येतो आणि तिथून अरुंद वळणावळणांनी तळाशी उतरतो. वरंधा घाटाची सवय असलेल्यांना वळणांचे काही वाटणार नाही, पण इथे डांबर नाही, कठडे नाहीत आणि पावसानंतर माती इतकी चिकट होते की चाके फिरतात, गाडी हलत नाही. ऑगस्ट २०१० मधल्या पावसाने ही वळणे वाहून गेली होती आणि रस्ता पुन्हा सुरू व्हायला पुढचे वर्ष उजाडले. त्यामुळे स्वतःची गाडी खाली नेऊन ठेवण्यापेक्षा, मोअब किंवा ग्रीन रिव्हर गावात कयाक भाड्याने देणारे जे व्यावसायिक आहेत त्यांच्याकडून ने-आण ठरवून घ्यावी. कोणत्या दिवशी आणि किती वाजता गाडी येणार, आपल्याला उशीर झाला तर ती किती वेळ थांबणार, रस्ता बंद झाला तर काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. फोनवर ‘बघू’ असे उत्तर मिळाले तर दुसरीकडे चौकशी करावी.

पायरी २: सुरुवात आणि दिवस

शेवट पक्का झाला की सुरुवातीचे दोन पर्याय उरतात. ग्रीन रिव्हर गावातून निघाल्यास अंतर ६८ मैल, म्हणजे सुमारे ११० किलोमीटर होते. रुबी रँचहून निघाल्यास ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर. गावापासूनच्या पहिल्या २३ मैलांत शेते आणि मोकळे काठ आहेत. त्यात क्रिस्टल गायझर हे एक गमतीदार ठिकाण लागते. १९३० च्या दशकात तेलाच्या शोधात खणलेल्या विहिरीतून तिथे कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने अधूनमधून थंड पाणी उसळते. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रुबी रँच निवडावे असे माझे मत आहे. ही खासगी जागा असून होडी उतरवण्यासाठी शुल्क घेतले जाते. वेळ आधी कळवावी लागते.

चार दिवसांची विभागणी समान करू नये. पहिल्या दिवशी सामान भरण्यात आणि गाडीच्या प्रवासात दुपार होते, म्हणून त्या दिवशी सात मैल पुरेत, ज्याने तुम्ही ९० व्या मैलावरच्या ट्रिन-अल्कोव्ह वळणापाशी पोहोचता. दुसरा दिवस १४ मैलांचा, तिसरा १३ मैलांचा आणि शेवटचा ११ मैलांचा ठेवावा. नदी कमी असताना प्रवाह ताशी तीन-चार किलोमीटर वाहून नेतो आणि त्यात तुमच्या वल्ह्यांचा वेग मिळतो, त्यामुळे वारा नसेल तर रोज तीन-चार तासांचे वल्हवणे पुरते. वारा असेल तर वेग निम्म्यावर येतो, हे पुढे येईलच. शिधा आणि पाणी मात्र पाच दिवसांचे न्यावे.

पायरी ३: हंगाम आणि पाण्याची पातळी

धरणातून सोडलेल्या विसर्गाच्या बातम्यांमुळे ‘क्युसेक’ हा शब्द आपल्याला नवीन नाही. ग्रीन रिव्हर गावाजवळ यूएसजीएस या सरकारी संस्थेचे जलमापन केंद्र आहे आणि नदीत किती क्युसेक पाणी वाहत आहे ते इंटरनेटवर कधीही पाहता येते. वरच्या अंगाला फ्लेमिंग गॉर्ज धरण असले तरी याम्पा ही मोठी उपनदी बरीचशी मोकळी वाहते, त्यामुळे रॉकी पर्वतातला बर्फ वितळला की मेअखेर ते जून या काळात नदीला पूर येतो आणि चांगल्या वर्षी विसर्ग वीस हजार क्युसेकच्याही वर जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस तो दोन-तीन हजारांपर्यंत उतरतो.

या आकड्यांचा अर्थ मुक्कामाच्या भाषेत समजून घ्यावा. पूर असताना नदी भराभर पुढे नेते, पण वाळूच्या पुळणी पाण्याखाली असतात, काठावर टॅमरिस्कच्या झुडपांची दाट भिंत असते आणि होडी लावायला जागा सापडत नाही. शिवाय पूर ओसरताना डासांचे थवे असे येतात की संध्याकाळी तंबूबाहेर बसणे अशक्य होते. पाणी उतरलेले असताना प्रवाह संथ असतो, होडी अधूनमधून वाळूत रुतते, पण मुक्कामाला अंगणासारख्या मोकळ्या पुळणी मिळतात. मार्च ते मे हवा सुखद असते, तथापि वारे जोरात असतात आणि पाणी बर्फाचे असते. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३८ अंशांच्या वर जातो आणि दुपारची वादळे सुरू होतात. नवख्यांसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हाच काळ मी सुचवेन. दिवस कोवळे, रात्री गार, डास जवळजवळ नाहीत.

पायरी ४: परवाना आणि शौचालय

लॅबिरिंथ कॅन्यनमधून जाण्यासाठी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याचा परवाना लागतो. तो विनामूल्य असून संख्येची मर्यादा नसल्याने मिळण्यात अडचण येत नाही. त्यावरील अटी मात्र शेवटपर्यंत वाचाव्यात, कारण नदीवर भेटणारा रेंजर त्याच तपासतो. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट, शेकोटी करणार असल्यास राख जमिनीला लागू नये म्हणून धातूचे ताट, सगळा कचरा परत आणण्याची व्यवस्था आणि शौचासाठी वाहून नेण्याजोगे शौचालय, या त्यातल्या मुख्य अटी आहेत. २०१९ मध्ये झालेल्या कायद्याने ग्रीन नदीच्या इथल्या काही भागाला ‘वाइल्ड अँड सीनिक रिव्हर’ म्हणून संरक्षण दिले आहे.

शौचालयाचा विषय निघाला की पहिल्यांदा येणारे लोक हसतात किंवा गप्प बसतात, म्हणून तो इथे स्पष्ट लिहितो. कॅन्यनच्या तळाशी सपाट जागा मोजक्या असतात आणि त्याच जागी रोज कुणीतरी मुक्काम करते. वाळवंटात पुरलेले काही लवकर कुजत नाही. त्यामुळे मानवी मैला पुरण्यास मनाई आहे आणि तो बंद डब्यातून परत आणायचा असतो. पूर्वी यासाठी लष्करी दारूगोळ्याचे पत्र्याचे डबे वापरत आणि त्यांच्या कडांचे वळ मांड्यांवर उठत, म्हणून नदीवरचे लोक आजही या डब्याला ‘ग्रूव्हर’ म्हणतात. हल्ली बैठक असलेले हवाबंद डबे भाड्याने मिळतात. कयाकमध्ये जागा अपुरी असल्यास मैला घट्ट करणारी पूड असलेल्या दुहेरी पिशव्या चालतात का, हे परवाना घेताना पाहून घ्यावे. लघवी मात्र झाडीत न करता पाण्याच्या कडेच्या ओल्या वाळूवर किंवा थेट नदीत करायची असते. आपल्या संस्कारांना हे उलटे वाटते, पण फारसा पाऊस न पडणाऱ्या जागी मुक्कामाची पुळण दुर्गंधीने भरू नये यासाठी हाच उपाय आहे.

पायरी ५: पिण्याचे पाणी

नदीवर जाऊन पाण्याची चिंता करावी लागते, ही या प्रवासातली सर्वांत मोठी विसंगती. ग्रीन नदीचे पाणी गाळाने इतके भरलेले असते की हातपंपाची गाळणी दोन-तीन लिटरनंतर तुंबते, आणि वरच्या भागात शेती व जुन्या खाणी असल्याने केवळ जंतू मारून भागेल असेही समजू नये. म्हणून माणशी रोज किमान चार लिटर पाणी घरून भरून न्यावे. पाच दिवसांचे वीस लिटर, म्हणजे वीस किलो वजन एका माणसामागे होते. हा आकडा आधी कागदावर लिहावा आणि उरलेली जागा इतर सामानाला द्यावी. आम्ही पहिल्या वेळी उलट केले आणि गाडीतून सामान काढल्यावर खुर्च्या, दोन पुस्तके आणि एक जड तवा परत पाठवावा लागला.

एका मोठ्या पिंपाऐवजी चार-पाच लिटरच्या मऊ पिशव्या वापराव्यात. त्या होडीच्या टोकापासून शेपटीपर्यंत कुठेही बसतात, रिकाम्या झाल्यावर जागा अडवत नाहीत आणि एक फुटली तरी सगळे पाणी जात नाही. अडचणीच्या वेळी नदीचे पाणी वापरण्याची तयारीही असावी आणि तिथे आपली तुरटी उपयोगी पडते. संध्याकाळी बादलीभर पाण्यात तुरटीचा खडा आठ-दहा वेळा फिरवून ते रात्रभर ठेवले तर सकाळपर्यंत गाळ तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी हलकेच काढून, गाळून, उकळून घ्यावे. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे लक्षात ठेवावे. भांडी धुण्यासाठी असे निवळलेले पाणी नेहमीच वापरावे, म्हणजे पिण्याचे पाणी वाचते.

पायरी ६: होडी, सराव आणि सामान

यासाठी पाच मीटरच्या आसपास लांबीची, पुढे-मागे बंद कप्पे असलेली टूरिंग कयाक घ्यावी. खळाळत्या पाण्यात वापरतात त्या आखूड, गोलसर कयाकमध्ये सामानाला जागा नसते आणि संथ पाण्यात त्या सरळ जात नाहीत. होडीवर लिहिलेली वजनाची मर्यादा पाहावी आणि तुमचे वजन, पाणी, शिधा व सामान मिळून त्या मर्यादेच्या बरेच खाली राहावे. चौघे असाल आणि दोघे अगदीच नवीन असतील तर त्यांनी जोडकयाक न घेता एकेकट्याची घ्यावी असे मला वाटते. जोडकयाकमध्ये एकाची चूक दुसऱ्याच्या माथी येते आणि नवरा-बायको असतील तर दुपारपर्यंत वल्ह्यांपेक्षा आवाजच जास्त होतो. एकट्याने मात्र हा प्रवास करू नये.

निघण्यापूर्वी शांत तलावात दोन-तीन वेळा मुद्दाम उलटण्याचा सराव करावा: होडीतून बाहेर येणे, वल्हे न सोडणे, होडीला धरून पोहत काठाला लागणे. मांड्यांवर ताणून बसवायचे झाकण, ज्याला स्प्रे स्कर्ट म्हणतात, ते या नदीवर आवश्यक नाही आणि सराव नसताना वापरू नये. भारतातून येणाऱ्यांनी आधी आपल्याकडे सराव केला तर उत्तमच. कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक शिकण्याची सोय आहे, पण ते वीजप्रकल्पातून ठरावीक वेळी सोडलेले पाणी आहे आणि तिथला वेग वेगळा आहे, म्हणून त्या सरावाबरोबर एखाद्या तलावात दोन-तीन तास सलग वल्हवून खांदे तयार करावेत.

सामान लहान ड्राय बॅगांमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्यांमध्ये, भरावे. एक मोठी बॅग कप्प्याच्या तोंडातून आत जात नाही, सहा लहान जातात. जड वस्तू, म्हणजे पाणी आणि डबे, बैठकीच्या जवळ आणि तळाशी ठेवाव्यात. झोपण्याची पिशवी व कोरडे कपडे यांना दुहेरी वेष्टन करावे. डेकवर जास्तीचे वल्हे, नकाशा, दोरी आणि उन्हाची टोपी एवढेच असावे. टोपीला हनुवटीखाली नाडी लावून घ्यावी. कपडे पूर्ण बाह्यांचे, सैल आणि फिकट रंगाचे. पायांत पट्ट्यांच्या सँडलपेक्षा घट्ट बसणारे पाणबूट असावेत, कारण काठाचा गाळ घोट्याच्या वर चढतो आणि सँडल तिथेच ठेवून पाय बाहेर येतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र एका तरी माणसाजवळ, होडीत नव्हे, तर लाइफ जॅकेटच्या खिशात असावे. कोण, कुठून, कधी निघाले आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास कुणाला कळवायचे, हे घरच्यांना लिहून द्यावे. भारतातून आलेल्या पाहुण्यांनी वैद्यकीय विम्याशिवाय जाऊच नये.

पायरी ७: शिधा

बाजारात मिळणारी गरम पाणी ओतून खायची पाकिटे हलकी असतात, पण महाग आणि तिसऱ्या दिवशी नकोशी होणारी. आपल्याकडे वाटेच्या शिदोरीची जुनी परंपरा आहे, ती इथे चपखल बसते. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात. शेंगदाण्याची आणि तिळाची कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले डाळीचे पीठ, लाडू आणि चिवडा पूर्ण प्रवासभर टिकतात. मऊ भात आणि मेतकूट हे दमलेल्या माणसासाठी याहून चांगले जेवण मला माहीत नाही. पिठल्याला पाणी आणि गॅस दोन्ही थोडे लागतात. कडधान्ये मात्र नेऊ नयेत. ती भिजवण्यात पाणी आणि शिजवण्यात गॅस जातो. गॅसची डबी विमानातून नेता येत नाही, म्हणून ती मोअबमध्येच विकत घ्यावी. लिंबू, मीठ आणि साखर हाताशी ठेवावी. कोरड्या हवेत घाम आलेला कळत नाही आणि दुपारी डोके दुखू लागले की उशीर झालेला असतो.

खरकटे पाणी जाळीतून गाळून दाणे कचऱ्याच्या पिशवीत टाकावे आणि पाणी मुख्य प्रवाहात ओतावे. रात्री शिधा होडीच्या बंद कप्प्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण इथले डोमकावळे पिशव्यांच्या झिप उघडतात आणि उंदीर तंबू कुरतडतात.

पायरी ८: वारा आणि नदीवरचे दिवस

या नदीवर माणसाला थकवतो तो वारा. दुपार झाली की तो बहुधा खालून वर, म्हणजे तुमच्या तोंडावर, वाहू लागतो आणि उंच कड्यांमध्ये कोंडल्याने त्याला जोर चढतो. प्रवाह पुढे नेत असतानाही होडी जागच्या जागी उभी आहे असा अनुभव येतो, आणि वल्हे थांबवले की ती मागेही सरकते. त्यामुळे पहाटे उठून उजाडताच निघावे, दुपारी एकपर्यंत दिवसाचे अंतर संपवावे. त्यानंतर वारा आलाच तर वळणाच्या आतल्या काठाला, कड्याच्या आडोशाने जावे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की काठाला लागून थांबावे आणि संध्याकाळी पुन्हा निघावे. जास्तीचा पाचवा दिवस यासाठीच असतो.

पुळणी उथळ असल्याने पाणी कुठून वाहते ते वाचायला शिकावे. नदी वळते तिथे खोल धार बाहेरच्या काठाला असते आणि आतल्या बाजूला वाळू साठते. पृष्ठभागावर बारीक, एकसारख्या सुरकुत्या दिसल्या की तळ जवळ आहे असे समजावे. रुतलात तर वल्ह्याने ढकलत बसण्यापेक्षा खाली उतरून होडी ओढावी, पण आधी वल्ह्याने खोली तपासावी.

वाटेत थांबण्याजोग्या जागा अनेक आहेत, त्यातल्या दोन चुकवू नयेत. पहिली, ७० व्या मैलापासून सुरू होणारे बोनॉट बेंड. इथे नदी सुमारे सात मैलांचा वळसा घालून जिथून निघाली त्या जागेच्या जवळजवळ पाठीशी येते. मधल्या अरुंद खिंडीवर चढून गेले की एका बाजूला तुम्ही आलात ती नदी आणि दुसऱ्या बाजूला तुम्हाला दुपारनंतर जिथे पोहोचायचे आहे तीच नदी दिसते. चढ उभा आणि सुट्या दगडांचा आहे, त्यामुळे तो सकाळीच, पायांत कोरडे बूट घालून आणि पाणी घेऊन चढावा. दुसरी जागा डाव्या काठाची हेल रोअरिंग कॅन्यन. तिथल्या कातळावर डेनिस ज्युलियन या फ्रेंच भाषक फर व्यापाऱ्याने आपले नाव आणि ३ मे १८३६ ही तारीख कोरली असून जवळच एका होडीचे चित्र आहे. ती पॉवेल इथून जाण्याच्या ३३ वर्षे आधीची आहे. तिला किंवा घळींमधल्या प्राचीन कातळचित्रांना हात लावू नये. हाताच्या तेलाने ती खराब होतात आणि त्यांची नासधूस हा गुन्हा आहे. घळींमध्ये चालताना काळपट, खडबडीत दिसणाऱ्या मातीवर पाऊल टाकू नये. तो जिवंत शेवाळ-जिवाणूंचा थर असतो आणि तो पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रातून किंवा खडकावरून चालावे.

पायरी ९: मुक्काम

दुपारी पहिली चांगली पुळण दिसली की थांबावे. ‘पुढच्या वळणावर याहून चांगली असेल’ या आशेवर आम्ही एकदा अंधारापर्यंत वल्हवत राहिलो आणि शेवटी गाळाच्या उतारावर झोपलो. बाजूच्या घळीच्या तोंडाशी तंबू कधीही ठोकू नये. वर पठारावर कुठेतरी वादळ झाले तर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही घळीतून लोंढा येतो. तंबूचे खुंटे वाळूत धरत नाहीत, म्हणून वाळूने भरलेल्या पिशव्या पुरून त्यांना दोऱ्या बांधाव्यात.

होडीच्या बाबतीत एक नियम कटाक्षाने पाळावा. ती पूर्णपणे पाण्याबाहेर, पुळणीच्या सर्वांत उंच भागापर्यंत आणावी, पालथी करावी आणि शिवाय झाडाला किंवा पुरलेल्या खुंट्याला बांधावी. आमच्यापैकी एकाने कंटाळून होडी अर्धीच वर ओढली होती. दिवसभर पावसाचा थेंब पडला नव्हता, तरी वरच्या अंगाला कुठेतरी पडलेल्या पावसाने रात्री नदी हातभर चढली आणि पहाटे पाहिले तर होडी प्रवाहात तरंगत होती, एका दोरीच्या गाठीवर अडकून. तिच्यात आमचे अर्धे पाणी होते. तेव्हापासून झोपण्यापूर्वी काठाला एक काडी रोवून पाण्याची खूण करून ठेवतो आणि मध्यरात्री एकदा टॉर्चने पाहून येतो.

सकाळी बूट झटकून घालावेत, कारण विंचू त्यात शिरतात.

पायरी १०: शेवटचा दिवस

शेवटच्या मुक्कामाला ६० ते ६३ या मैलांच्या दरम्यान थांबावे, म्हणजे मिनरल बॉटम सकाळच्या शांत पाण्यात गाठता येते. हेल रोअरिंग कॅन्यन डाव्या हाताला मागे पडली की धक्का तीन-साडेतीन मैलांवर राहतो. तिथून पुढे सर्वांनी डाव्या काठाजवळ एकत्र राहावे आणि फोटो काढण्यासाठी नदीच्या मध्यभागी रेंगाळू नये. धक्क्याच्या आधी कड्यावरून उतरणारी रस्त्याची वळणे दिसू लागतात. ठरलेल्या वेळेच्या किमान तासभर आधी पोहोचावे. धक्का अरुंद असतो आणि मागून दुसरे गट येत असतात, म्हणून होड्या बाजूला घेऊन मग सामान काढावे. गाडी येण्यापूर्वी वाळू झटकून, शौचालयाचा डबा झाकण तपासून उभा ठेवावा, आणि पिण्याचे दोन लिटर पाणी हाताशी ठेवावे, कारण तिथे सावली फारशी नाही आणि गाडीला त्या वळणांवरून यायला वेळ लागतो.